गाडीतला ॲम्प्लिफायर सारखा बंद पडतोय? नवीन घेण्याआधी एवढं तपासा

गाडी घाट चढून वर आली, रस्ता मोकळा मिळाला, म्हणून तुम्ही आवाज जरा वाढवला. गाण्यात ढोल सुरू झाला, पहिला ठोका पडला आणि सगळं शांत. स्क्रीनवर गाणं पुढे सरकतंय, स्पीकर मात्र मुके. दहा-पंधरा सेकंदांनी आवाज आपोआप परत येतो आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा जातो.

बाहेरून ॲम्प्लिफायर बसवलेल्या गाड्यांमधली ही अगदी नेहमीची तक्रार. दुकानात गाडी नेली की बऱ्याचदा एका मिनिटात निकाल लागतो, "ॲम्प गेला, बदलावा लागेल." कधी ते खरंही असतं. पण जरा विचार करा, खरोखर जळालेला ॲम्प सहसा आपणहून परत चालू होत नाही. जो बंद पडतो आणि पुन्हा चालू होतो, तो बहुतेक वेळा स्वतःला वाचवत असतो. त्याला वीज कमी पडतेय, तो तापलाय, किंवा त्याच्यावर झेपणार नाही इतका भार टाकलाय. यातलं नेमकं काय, हे शोधायला तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणि रविवारची एक सकाळ पुरते.

आणि हे शोधणं फक्त गाण्यांसाठी नाही. ज्या सैल जोडणीमुळे ॲम्प बंद पडतो, तीच जोडणी तापून वायरचं प्लास्टिक वितळवू शकते. त्यामुळे "चालतंय तोवर चालू दे" हे धोरण इथे बरं नाही.

आधी दिवा बघा, मग पाना उचला

ॲम्पवर एक छोटा दिवा असतो. नेहमी तो निळा किंवा हिरवा असतो आणि ॲम्प प्रोटेक्ट मोडमध्ये गेला की लाल होतो. काही ॲम्पवर दोन वेगळे दिवे असतात. आवाज जातो त्या क्षणी हा दिवा काय करतो, यावर पुढचा सगळा तपास अवलंबून आहे. ॲम्प डिकीत किंवा सीटखाली असल्यामुळे आपल्याला तो दिसत नाही. म्हणून गाडी उभी करा, मोबाईल डिकीत दिव्यासमोर टेकवून व्हिडिओ सुरू करा आणि पुढे बसून आवाज वाढवा. नंतर व्हिडिओ बघा.

दिवा पूर्ण विझला असेल, तर ॲम्पपर्यंत वीज पोहोचत नाही. मुख्य वायर, अर्थिंग, फ्यूज किंवा रिमोटची वायर, यापैकी काहीतरी सुटतंय. दिवा लाल झाला, तर ॲम्पने स्वतःहून काम थांबवलंय: व्होल्टेज पडलं, स्पीकरच्या बाजूला शॉर्ट झाला, ओहम चुकले किंवा उष्णता वाढली. आणि दिवा निळा-हिरवाच राहिला, तरी आवाज नाही, तर बहुधा ॲम्पचा दोष नाही. आरसीए वायर, स्टिरिओ किंवा स्पीकरची वायर तपासायची.

दुसरा प्रश्न, बंद कधी पडतो? बेसच्या ठोक्याला पडत असेल तर वीज कमी पडतेय. वीस-तीस मिनिटं चालून पडत असेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल तर उष्णता. खड्ड्यात गाडी आदळली की पडत असेल तर कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट. दार उघडता-मिटताना पडत असेल तर दाराच्या बिजागरीपाशी जाणारी स्पीकरची वायर. आणि रेडिओवर चालतो पण ब्लूटूथ लावलं की बंद होतो, असं असेल तर त्याची गंमत पुढे सांगतो.

ॲम्पला एवढी वीज लागते कशाला?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. एवढ्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला थेट फार शक्ती देता येत नाही. साध्या स्टिरिओवर "५० वॉट × ४" असं झोकात छापलेलं असलं, तरी सलग मिळणारी शक्ती दर स्पीकरमागे १५ ते २० वॉटच्या आसपास असते. जास्त हवी म्हणून वेगळा ॲम्प लावतात. त्याच्या पोटात एक वीजपुरवठा असतो, तो १२ व्होल्टचे वाढवून बरेच जास्त करतो. पण ही शक्ती हवेतून येत नाही. व्होल्टेज वाढवायचं तर बॅटरीकडून तेवढाच जास्त करंट ओढावा लागतो.

हिशोब करून बघू. ॲम्प खरोखर ५०० वॉट देतोय असं धरा. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी ॲम्पची कार्यक्षमता साधारण ६० टक्के, म्हणजे ५०० वॉट बाहेर द्यायला त्याला सुमारे ८३० वॉट आत घ्यावे लागतात. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ धरलं, तर करंट होतो ६० अँपिअर. क्लास डी ॲम्प असेल तर ४५ अँपिअरच्या आसपास. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अंदाज येतो. करंट एवढा मोठा असला की जोडणीतला इवलासा दोषसुद्धा महागात पडतो.

जाता जाता, डब्यावर "४००० वॉट" लिहिलेल्या ॲम्पचं खरं रूप कसं ओळखायचं? त्याच्या अंगावरचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल, तर ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॉट. एवढीच वीज तो सलग आत घेऊ शकतो. क्लास एबी असेल तर त्यातले अडीचशे वॉट स्पीकरपर्यंत पोहोचतील. बाकीचे वॉट डब्यावरच राहतात.

व्होल्टेज मोजा, अंदाज नको

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी वायर "कॉम" खाचेत, लाल वायर व्होल्टच्या खाचेत. लाल वायर चुकून १० अँपिअरच्या खाचेत राहिली आणि टोकं बॅटरीला लावली, तर थेट शॉर्ट होतो. नवशिक्यांच्या हातून ही चूक हमखास होते.

आधी इंजिन बंद ठेवून बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. हल्लीच्या काही गाड्यांमध्ये संगणक इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा खालीवर झाला तर घाबरू नका. पण इंजिन चालू असूनही तो १२.५ च्या वर जातच नसेल, तर ॲम्पचं नंतर बघू, आधी अल्टरनेटर आणि बॅटरी दाखवून घ्या. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने साफ करा आणि क्लॅम्प घट्ट आवळा. कधी कधी दुखणं एवढंच असतं.

आता खरी परीक्षा. इंजिन चालू, गाणं ज्या आवाजाला बंद पडतं त्या आवाजावर, आणि मीटरची टोकं ॲम्पच्या "१२ व्होल्ट" आणि "ग्राउंड" या स्क्रूंवर. बॅटरीपाशी १३.९ आणि ॲम्पपाशी १३.५ असेल तर ठीक. पण ॲम्पपाशी ठोक्यागणिक १२, ११, १०.५ असा आकडा खाली झेपावत असेल, तर चोर सापडल्यात जमा आहे. व्होल्टेज साधारण १० ते १०.५ च्या खाली गेलं की बरेच ॲम्प आपणहून बंद होतात.

मधले व्होल्ट गेले कुठे? ते दोनपैकी एका वाटेवर खर्च झाले, बॅटरीपासून येणाऱ्या लाल वायरमध्ये किंवा परत जाणाऱ्या अर्थिंगमध्ये. लाल वाट मोजायची तर एक साधी लांब वायर घेऊन मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं ॲम्पच्या १२ व्होल्टच्या स्क्रूला लावा. गाणं मोठ्याने चालू असताना जो आकडा येईल, तेवढे व्होल्ट वायर खातेय. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चालेल. तसंच ॲम्पच्या ग्राउंडचा स्क्रू आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये मोजा. इथे ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थिंग संशयित. एकच सांगतो, ही मोजणी गाणं चालू असतानाच करायची. करंट वाहत नसेल तर दोष दिसणारच नाही.

सगळ्यात जास्त गुन्हे अर्थिंगचे

लाल वायरबद्दल सगळे काळजी घेतात, अर्थिंगची वायर मात्र "कुठेतरी पत्र्याला लाव" म्हणून लावली जाते. पण जेवढा करंट लाल वायरमधून आत येतो, तेवढाच काळ्या वायरमधून बाहेर जातो. दोन्ही सारख्याच जाड हव्यात.

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये नेमकं हेच झालं होतं. ॲम्प बदलायला सांगितलं, मी बदलला, आणि नवा ॲम्पही तिसऱ्या दिवशी तसाच बंद पडायला लागला. शेवटी डिकीचं कार्पेट उचललं तर अर्थिंगचा लग रंगावरूनच स्क्रूने कसलेला. रंग म्हणजे इन्सुलेशनच. करंट जात होता तो फक्त स्क्रूच्या दोन-तीन आट्यांतून. लगच्या भोवतीचा रंग तपकिरी पडला होता. पाच रुपयांच्या पॉलिश पेपरचं काम होतं.

यात एक फसवी गोष्ट आहे. मल्टिमीटर ओहमवर लावून ती जोडणी तपासली असती तर ती उत्तम दिसली असती. मीटर तपासणीसाठी अगदी किरकोळ करंट सोडतो, आणि तेवढ्याला वायरची एक तारही पुरते. पन्नास अँपिअरला ती पुरत नाही. म्हणूनच वर सांगितल्याप्रमाणे गाणं वाजत असताना व्होल्टमध्ये मोजायचं.

चांगलं अर्थिंग करायचं असं. बॅटरीचं मायनस आधी काढा. ॲम्पपासून शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत, गाडीच्या मुख्य सांगाड्याला जोडलेला जाड पत्रा शोधा. पातळ, नुसता चिकटवलेला किंवा सुटा होणारा भाग नको. रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढा. वायरला लग नीट दाबून बसवा, बोल्ट, दात असलेला वॉशर आणि नट लावून घट्ट आवळा, आणि वरून रंग किंवा ग्रीसचा हात फिरवा, नाहीतर कोकणातल्या किंवा गोव्याच्या दमट हवेत एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. ड्रिल मारायचं असेल तर खाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी मागच्याच बाजूला असते. आणि सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगसाठी वापरू नका, तो अपघातात माणूस धरून ठेवायला आहे.

ॲम्प पुढच्या सीटखाली असेल तर आणखी एक सावधगिरी. तिथे पिवळ्या रंगाचे कपलर दिसतील. ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे. त्यांना हात लावू नका.

वायर तांब्याची की मुलामा दिलेली?

बाजारात "ॲम्प्लिफायर किट" म्हणून जो संच मिळतो, त्यातली स्वस्त वायर बहुधा सीसीए असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर. ती शुद्ध तांब्याच्या तुलनेत साधारण ६० ते ६५ टक्केच वीज वाहून नेते. ओळखायची कशी? वायरचं टोक सोला, एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर सीसीए. शुद्ध तांबं आतपर्यंत तांबूसच असतं. कलई केलेली तांब्याची वायर उलटी, बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस. चुंबकाने ही परीक्षा होत नाही, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्हींना चुंबक ओढत नाही.

आता जाडी. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण ५ मीटर वायर धरा आणि करंट मघाचाच ६० अँपिअर. शुद्ध तांब्याची ८ गेज वायर यात सुमारे ०.६ व्होल्ट खाते, ४ गेज फक्त पाव व्होल्ट. सीसीएची ८ गेज मात्र जवळजवळ १ व्होल्ट. भरीस भर म्हणजे स्वस्त वायरीत प्लास्टिकच जाड असतं आणि आतल्या तारा मोजक्या, त्यामुळे "८ गेज" छापलेली वायर खरी ८ गेज असेलच असं नाही.

सीसीए वापरूच नये असं नाही. एक आकार जाड घेतली आणि टोकं नीट दाबून बसवली तर छोट्या ॲम्पला ती चालते. पण ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं आणि त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून काही महिन्यांनी स्क्रू पुन्हा आवळावे लागतात. हे बहुतेक जण विसरतात.

कपॅसिटर लावा म्हणणारेही भेटतील. एक फॅरडचा कपॅसिटर ठोक्यापुरता, क्षणभर मदत करतो. त्याचं काम तेवढंच. वायर बारीक असेल, अर्थिंग खराब असेल किंवा अल्टरनेटरच कमी पडत असेल, तर कपॅसिटरने दोष झाकला जातो, जात नाही. लहान गाड्यांच्या अल्टरनेटरची क्षमता बहुतेक वेळा शंभर अँपिअरच्या आतच असते, आणि त्यातले हेडलाइट, एसीचा पंखा, वायपर आणि इंजिनची स्वतःची गरज वजा करायची असते. पावसाळी रात्री एसी चालू असतानाच ॲम्प बंद पडतो, अशी तक्रार असेल तर हे कारण आधी बघा.

फ्यूज: इथे चूक केली तर आग

मुख्य फ्यूज ॲम्पला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. डिकीत ॲम्पजवळ लावून उपयोग नाही. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून ही वायर आत येते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार हळूहळू प्लास्टिक कापते. ज्या दिवशी आतलं तांबं पत्र्याला टेकतं, त्या दिवशी बॅटरीची शेकडो अँपिअरची ताकद त्या वायरमधून धावते. फ्यूज असेल तर तो क्षणात उडतो. नसेल तर वायर लालभडक होते, आणि ती जाते कुठून? तर कार्पेटखालून, सीटच्या फोमजवळून.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज, चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा लावू नका. वायर जेवढा करंट झेपवते त्याच्या वर फ्यूजचा आकडा जाता कामा नये. आणि फ्यूज होल्डर हातात धरून बघा. गाणं मोठ्याने वाजवल्यावर तो चटका बसण्याइतका गरम होत असेल किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसत असेल, तर आतली पकड सैल आहे. काचेचा लांबट फ्यूज असलेल्या स्वस्त होल्डरमध्ये हे फार होतं. तो काढून चांगला बोल्टचा किंवा पात्याचा होल्डर लावा. दिवा पूर्ण विझून परत लागत असेल, तर हा होल्डर पहिल्या पाचात संशयित आहे.

रिमोटची बारीक वायर

ॲम्प चालू-बंद करायला स्टिरिओकडून एक बारीक वायर येते, बहुधा निळी त्यावर पांढरी रेघ असलेली. स्टिरिओ चालू असेपर्यंत तिच्यात १२ व्होल्ट यायला हवेत. स्टिरिओच्या मागे आणखी एक नुसती निळी वायर असते, ती मोटरच्या अँटेनासाठी. बऱ्याच स्टिरिओत ती फक्त रेडिओ लावल्यावरच जिवंत होते. बसवणाऱ्याने घाईत ॲम्प तिला जोडला, की रेडिओवर सगळं छान आणि ब्लूटूथ किंवा पेनड्राइव्ह लावला की ॲम्प बंद. मघाशी राहिलेली गंमत ती हीच.

कंपनीच्या टचस्क्रीनला अशी वायर बहुधा नसते. मग ती इग्निशनच्या एखाद्या फ्यूजवरून घेतात. अशा जोडणीत सेल्फ मारताना ॲम्प क्षणभर बंद होणं नैसर्गिक आहे. सिग्नलला आपोआप इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाड्यांतही असा झटका बसू शकतो. एकाच रिमोट वायरवर दोन ॲम्प आणि एक पंखा टांगला असेल तर मात्र स्टिरिओवर ताण येतो. मध्ये एक साधा रिले घाला.

तपासणी सोपी आहे. गाणं बंद पडलं की रिमोटच्या स्क्रूवर मोजा. १२ च्या आसपास असेल तर वायर निर्दोष. शून्य किंवा ७-८ व्होल्ट असेल तर मागे मागे शोधत जा.

स्पीकरच्या बाजूचा शॉर्ट

दिवा लाल होतो आणि व्होल्टेज मात्र ठीक आहे, अशा वेळी एक परीक्षा सगळ्यात उपयोगी पडते. ॲम्प बंद करा, सगळ्या स्पीकरच्या वायरी आणि आरसीए काढा, फक्त प्लस, ग्राउंड आणि रिमोट ठेवून पुन्हा चालू करा. तरीही लाल दिवा लागला तर दोष ॲम्पच्या पोटात आहे. दिवा निळा-हिरवा राहिला, तर ॲम्प ठणठणीत. मग प्रत्येक वेळी ॲम्प बंद करून आधी आरसीए आणि नंतर एकेक स्पीकर जोडत चला. ज्याला जोडल्यावर दिवा लाल होईल, तिथे शॉर्ट.

बहुतेक वेळा तो दारात सापडतो. गाडीच्या अंगातून दारात वायर जाते तिथे रबरी नळी असते. दार रोज वीस वेळा उघडतं-मिटतं, वायर तिथेच वाकते आणि तिथेच सोलते. दुसरी जागा म्हणजे स्पीकरची पिन दाराच्या पत्र्याला टेकणं, विशेषतः कंपनीपेक्षा मोठा स्पीकर कोंबून बसवला असेल तर. मीटर ओहमवर ठेवून ॲम्पमधून काढलेल्या स्पीकर वायरचं टोक आणि गाडीचा उघडा पत्रा यांमध्ये मोजा. काहीही जोडणी दाखवता कामा नये.

मग त्याच वायरीच्या दोन टोकांमध्ये मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो, ते बरोबर आहे. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा वजा करायचा. एकच्या खाली आकडा आला तर कॉइल किंवा वायर शॉर्ट. नुसत्या ट्विटरवर काहीच आकडा आला नाही तर तो गेला असं समजू नका. त्याच्या वाटेत छोटा कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा करंट अडवतो.

शॉर्ट नसूनही ओहम चुकू शकतात. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. दोन कॉइलच्या सबवूफरचंही तेच: ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २, एकामागे एक जोडल्या तर ८. ओहम कमी म्हणजे करंट जास्त. दोन चॅनेल जोडून, म्हणजे ब्रिज करून, सबवूफर चालवत असाल तर बहुतेक ॲम्पना किमान ४ ओहम लागतात. तिथे २ ओहमचा सबवूफर लावला, तर प्रत्येक चॅनेलला १ ओहम दिसतो. कमी आवाजात तो कसाबसा चालतो, जोर दिला की लाल दिवा. ॲम्पच्या माहितीपत्रकात ब्रिजसाठी किमान किती ओहम हे स्वतंत्र लिहिलेलं असतं, ते वाचाच.

उष्णता आणि गेन

विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून बरंच जास्त. त्यात ॲम्प कार्पेटखाली, वर बॅगा. अशा ॲम्पने अर्ध्या तासात हात टेकले तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या अंगावरच्या खाचा-पट्ट्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात, त्यांच्याभोवती दोन-तीन बोटं मोकळी जागा हवी. ॲम्प उलटा टांगू नका. सबवूफरच्या खोक्यावरही बसवू नका, सततच्या थरथरीने स्क्रू सैल होतात आणि आतले सोल्डर तडकतात. फार तापत असेल तर १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा.

पण जागा मोकळी असूनही तापतोय? मग गेन बघा. ॲम्पवरचा गेनचा स्क्रू म्हणजे आवाजाचं बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालण्यासाठी तो असतो. तो पूर्ण फिरवून ठेवला की आवाजाच्या लाटांचे माथे कापले जातात, ॲम्प विनाकारण तापतो आणि स्पीकरची कॉइलही जळते. मीटरने गेन लावता येतो. वॉट गुणिले ओहम करून त्याचं वर्गमूळ काढा. १०० वॉट आणि ४ ओहमला २० व्होल्ट, ५० वॉटला सुमारे १४. इक्वलायझर आणि बेस बूस्ट शून्यावर ठेवा, स्पीकर काढा, स्टिरिओचा आवाज पाऊण ठेवा, सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या स्क्रूंवर तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. इथे वॉट खरे धरा, डब्यावरचे नाही.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत

त्यांच्यातही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि ॲम्प तिच्यावरच चालतो. पण ती लहान असू शकते आणि तिला भरणारा अल्टरनेटर नसून मोठ्या बॅटरीवरून चालणारा कन्व्हर्टर असतो. मोठा ॲम्प लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. नारिंगी रंगाच्या जाड केबलना कधीही हात लावायचा नाही, त्यांच्यात जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतं. आणि गाडी कुठलीही असो, वॉरंटीत असेल तर कंपनीची वायरिंग न कापता कपलरने जोडून घ्या, नाहीतर इलेक्ट्रिकल बिघाडाचा दावा नाकारला जाऊ शकतो.

आणि खरंच ॲम्प गेला असेल तर

सगळं काढूनही लाल दिवा जात नाही, किंवा जोडताक्षणी फ्यूज उडतो, याचा अर्थ बहुधा आतला एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय. चांगल्या ॲम्पची दुरुस्ती होऊ शकते. देताना कारागिराला नुसतं "बंद पडतो" सांगू नका. दिवा कुठल्या रंगाचा होता, कधी बंद पडायचा आणि ॲम्पपाशी किती व्होल्ट मोजले, ते लिहून द्या. दुरुस्त होऊन आला की लगेच जोडू नका. आधी प्रत्येक स्पीकरचे ओहम आणि अर्थिंग पुन्हा मोजा, कारण ज्या शॉर्ट झालेल्या कॉइलने जुना ट्रान्झिस्टर जाळला, ती गाडीत तशीच असेल तर नवाही पहिल्याच गाण्याला जाईल.